कडी बुडाली की

५ एप्रिल १९७३
ओडिलिया धक्का

अ‍ॅग्नेस,

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. फोनच करणार होते, पण माझा आवाज ऐकून तू रिसीव्हर ठेवला असतास आणि तो खट्ट आवाज माझ्या कानात कायमचा बसला असता. पत्र फाडलंस तरी मला कळणार नाही, म्हणून पत्र.

कुणी मेलेलं नाही. हे आधी सांगते, कारण अकरा वर्षांनी माहेरचं पत्र आलं की माणूस तोच विचार करतो. बाबांचा गुडघा गेला, कान अर्धे गेले, तोंड शाबूत आहे. फेरीबोट आता मी चालवते. ते धक्क्यावर खुर्ची टाकून बसतात आणि मी बोट किती वाकडी लावली ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी दिवसभर या काउंटीतून बाहेर पडते आणि दिवसभर परत येते. पलीकडे गाड्या उतरतात, कुणी सेंट लुईसला जातं, कुणी शिकागोला. मी बोट वळवते. हल्ली रात्री अंथरुणावर पडले तरी पाय चालतच असतात.

पाणी चढतंय. मिसिसिपी चढली की आपण समजू शकतो, तिचा तो हक्कच आहे. पण यंदा मागची धाकटी नदीही फुगली आहे, आणि आपली ही चिंचोळी पट्टी दोन भांडणाऱ्या जावांमध्ये सापडलेल्या सासूसारखी झाली आहे. वर टेकडीवर पीचच्या बागा गुलाबी झाल्यात. खाली मक्याच्या शेतात बदकं पोहतायत. बांधावर वाळूची पोती टाकायला सगळे जातात, मीही जाते, पण पोती टाकणाऱ्यांची तोंडं बघितली की कळतं. कडी बुडणार.

तू मोठ्या शहरात राहून विसरली असशील म्हणून लिहिते. खालच्या प्रत्येक घराला टेकडीवर एक घर असतं. शुल्टेंना होमायर, तसे आपल्याला ब्रिंकमन, पणजोबांपासून. धक्क्यावरची बोट बांधायची लोखंडी कडी पाण्याखाली गेली की वरून ट्रॅक्टर आणि गाड्या उतरतात, ज्याचा त्याचा टेकडीवाला ज्याच्या त्याच्या दारात. खालच्यांनी विचारायचं नाही, वरच्यांनी बोलवायचं नाही. विचारलं तर त्यांच्यावर विश्वास नाही असं होतं, बोलावलं तर उपकार दाखवल्यासारखं होतं. सत्तेचाळीसच्या पुरात तू सात वर्षांची होतीस. ब्रिंकमनांच्या कोठारात तुला मांजरीची पिल्लं सापडली आणि पाणी उतरल्यावर तू घरी यायला तयार नव्हतीस.

आणि त्याच ब्रिंकमनांच्या नॉर्बर्टला आपण लग्नाला तीन दिवस उरले असताना सोडून गेलो. 'आपण' असं मुद्दाम लिहिलंय, कारण गावाने ते तसंच धरलंय. तू निघून गेलीस, राहिलो आम्ही. तेव्हापासून आमच्यापैकी कुणी त्यांच्या रस्त्याला वळलेलं नाही. पासष्ट साली पाणी कडीला शिवून मागे फिरलं, म्हणून अब्रू वाचली. नॉर्बर्टने पुढे डोरिसशी लग्न केलं, दोन मुली आहेत, बायको इतकी बोलते की त्याला बोलावं लागत नाही. बोटीवर येतो तेव्हा गाडीच्या काचा वर करून बसतो.

तर विचारायचं हे, की कडी बुडाली तर बाबांना थोडे दिवस तुझ्याकडे ठेवशील का? फक्त पाणी उतरेपर्यंत.

लिओना

ता. क. लग्नासाठी धुरावलेलं डुकराचं मांस आम्हीच खाल्लं. खूप दिवस पुरलं. बाबा प्रत्येक घासाला तुझं नाव घेत होते, प्रार्थनेत घेतात तसं नाही.


१४ एप्रिल

अ‍ॅग्नेस,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण त्यात 'हो' आहे. मी कार्ड एप्रनच्या खिशात घालून दिवसभर बोट चालवली आणि संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं.

"कुठे जायचं म्हणतेस?"

"सिअ‍ॅटलला. अ‍ॅग्नेसकडे. विमानानं."

"तिथे नदी आहे?"

"समुद्र आहे."

"समुद्र काय कामाचा? तो कुठे जात नाही." मग त्यांनी काट्याने बटाटा उगाच दोनदा फोडला. "बरी आहे ना ती?"

"बरी असावी. अक्षर तरी तेच आहे, कोंबडीनं उकरल्यासारखं."

"हं. तिला लिही, कॅम्पमन कडी बुडाली की वर जातात. विमानात जात नाहीत."

"वर कुणाकडे जाणार आहात?"

"कुणाकडे म्हणजे? ब्रिंकमनांकडे."

"आणि ते आले नाहीत तर?"

"तर मी पोर्चवर बसून राहीन. येणारा-जाणारा बघेल की क्लेमेन्स कॅम्पमन बसलाय आणि ब्रिंकमन आले नाहीत. लाज ज्याची त्याला."

त्यांना पुराची भीती नाही, अ‍ॅग्नेस. सगळ्यांच्या दारात गाड्या उभ्या राहतील आणि आपलं दार तेवढं मोकळं राहील, त्याची भीती आहे.

आता तुझी चौथी ओळ. 'थोडे दिवस की कायमचे? खरं लिही.' लहानपणी मी केकचं पीठ कालवताना तू टेबलाखालून बोट घालायचीस, तसंच आहे हे. खरं लिहिते.

मालाचे सपाट तराफे, बार्जेस, ढकलणारी एक बोट पाण्यामुळे मार्चपासून आपल्या धक्क्याजवळ अडकून पडली आहे. तिची स्वयंपाकीण सोडून गेली. पाणी उतरलं की मेच्या मध्याला बोट सेंट लुईसवरून पुढे खाली जाणार, थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत, मग परत, मग पुन्हा खाली. कप्तान म्हणाला, ये. तसल्या मोठ्या बोटीच्या सुकाणूजवळ बाईला अजून कुणी उभं करत नाही, म्हणून शेगडीजवळ. माझा स्वयंपाक तू खाल्ला आहेस, तेव्हा त्या खलाशांसाठी प्रार्थना कर. पण मी हो म्हणाले. मला चव्वेचाळीसावं चालू आहे आणि आयुष्यभर मी ही नदी आडवी ओलांडली. एकदा तिच्याबरोबर जायचंय.

म्हणून बाबांची सोय हवी आहे. पाणी हे निमित्त झालं. त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या, त्यांचे शर्ट मी शिवले, ते मी मोजत नाही, पण आता मला धीर धरवत नाही. तू एकदा तीन दिवस आधी निघून गेलीस तेव्हा मी तुला खूप शिव्या दिल्या होत्या. त्यातल्या निम्म्या हेव्याच्या होत्या.

लिओना


२२ एप्रिल, ईस्टर

अ‍ॅग्नेस,

मी मोठा घोळ घातला आहे आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

बुधवारी दुपारी बोटीवर एकच गाडी होती, नॉर्बर्टची. मागे बियाण्याची पोती, पुढे तो, काचा वर. पाणी एवढं ओढत होतं की माझं सगळं लक्ष सुकाणूवर हवं होतं. पण मधोमध पोचल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक. मी सुकाणू बोटीवरच्या मदतनीस पोऱ्याच्या हातात दिलं आणि जाऊन त्याच्या काचेवर टकटक केलं.

"नॉर्बर्ट, काच खाली कर."

त्याने केली, चार बोटं.

"यंदा तुमच्या कोठारात आमच्यासाठी जागा आहे का?"

मी थोबाडीत मारल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं.

"तू विचारतेयस?"

"हो. माहीत नसलं की माणूस विचारतो."

"लिओना, माझ्या आजोबांपासून आम्हाला कुणी विचारलं नाही."

"तुझ्या आजोबांना आमच्यातल्या कुणी लग्नात टांग दिली नव्हती."

काच वर गेली. बोट लागली. तो उतरला आणि निघून गेला, आणि जाताना स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली नाहीत. तुला माहीत आहे, इथे कोर्टात भांडणारे सख्खे भाऊसुद्धा रस्त्यात गाडी दिसली की दोन बोटं उचलतात. त्याने उचलली नाहीत.

विचारायचं नसतं हे मला अंगावर पीत होते तेव्हापासून ठाऊक आहे. बाहेरून कुणी येऊन हे केलं असतं तर आम्ही हसलो असतो. मी विचारलं, कारण मला वाट बघवत नव्हती. एकतर हो म्हण, नाहीतर नाही, मी पुढचं बघते, असं झालं होतं. आता ते आलेच नाहीत तर ते तुझ्यामुळे नसेल, माझ्यामुळे असेल, आणि हे बाबांना सांगायची माझी छाती नाही.

आज चर्चमध्ये मिस्साला नॉर्बर्टच्या आई, मिना काकू, आपल्या बाकाजवळून गेल्या. त्यांचं वय आता ऐंशीकडे झुकलंय, पण चाल तीच, पायाखालची जमीन आपल्या मालकीची असल्यासारखी. बाबा अर्धे उठले. त्या सरळ पुढे गेल्या.

"तिला दिसत नाही आताशा," बाबा म्हणाले.

मिना काकूंना गायनवृंदात उभं राहून खालच्या पोराच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसतं. मी म्हणाले, "हो, वय झालं."

जेवायला हॅम होतं, अंडी रंगवली होती, शुल्टे आले होते. त्यांचं सगळं सामान दोरीने बांधून दाराशी तयार आहे. आपलंही आहे. तुझ्या खोलीतलं बांधायला घेतलं तर बाबा म्हणाले, "ते आधी."

फेरी उद्यापासून बंद. मला करायला काम नाही. मी जिना चढते आणि उतरते.

लिओना


२५ एप्रिल, पोर्चवर

कडी काल बुडाली.

सकाळपासून वरून गाड्या येतायत. होमायर शुल्टेंना घेऊन गेले, चुलीसकट, कोंबड्यांसकट. आपल्या गल्लीतली सगळी घरं रिकामी झाली. बाबांनी पहाटे उठून दाढी केली, चर्चचा काळा सूट घातला, हॅट घातली आणि पोर्चवर खुर्ची टाकून बसले. प्रत्येक ट्रॅक्टरच्या आवाजाला ते गुडघ्यांवर हात ठेवतात, उठण्यासाठी. ट्रॅक्टर पुढे जातो. ते हात काढून घेतात.

दहाच्या सुमाराला सैनिकांचा ट्रक आला. कोवळा पोरगा होता, गालावर मुरमं.

"आजोबा, चला, बसा. पाणी रस्त्यावर आलंय."

"माझी गाडी येतेय."

"कुठून येतेय?"

"वरून."

पोराने वर बघितलं, तिथे फक्त ढग होते. मी त्याला म्हटलं, तासाभराने परत ये.

मग मला राहवेना. मी त्यांच्या खुर्चीशी बसले आणि सांगून टाकलं, की मी नॉर्बर्टला विचारलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग त्यांनी हॅट काढली आणि मांडीवर ठेवली.

एवढंच केलं. ओरडले असते तर मी पण ओरडले असते.

आता दुपार टळली आहे. पाणी पहिल्या पायरीला लागलंय. सैनिकांचा ट्रक वळणावर दिसतोय. मी हे पत्र मांडीवर लिहितेय, कारण हात रिकामे ठेवले तर मी काहीतरी फोडेन. तुला आधी बोलावून त्यांना विमानात कोंबलं असतं तर बरं झालं असतं. नाही, नसतं झालं. मला काही कळत नाही. मी उठते


३ मे
ब्रिंकमनांचं घर

अ‍ॅग्नेस,

मागचा कागद अर्धवट आहे, तोही यातच घातलाय. का अर्धवट राहिला ते वाच.

ट्रक दाराशी लागला तेवढ्यात मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. नॉर्बर्ट होता, गवताची मोठी गाडी जोडून, चाकं निम्मी पाण्यात. त्याने सैनिकाला हाताने बाजूला व्हायला सांगितलं, गाडी उलटी घेऊन पोर्चला लावली आणि उतरला. त्याने कुणाकडेच बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन चुलीला हात घातला, कारण चूल आधी जाते.

बाबांनी हॅट घातली.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"आई म्हणाली, जिने विचारलं तिला जरा वाट बघू दे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "बरोबर आहे तिचं," म्हणाले आणि स्वतःची खुर्ची स्वतः उचलून गाडीत चढवली, गुडघ्यासकट.

सैनिक पोऱ्याने सामान लावायला मदत केली. त्याला काहीच समजलं नव्हतं, पण पोरगं चांगलं होतं.

वर पोचलो तर मिना काकू दारात उभ्या, एप्रनवर हात पुसत. बाबांना म्हणाल्या, "क्लेमेन्स, पाय पूस." अकरा वर्षांनंतर त्यांचं पहिलं वाक्य हे. मग मला थांबवलं.

"विचारलंस ते माझ्या कानावर आलं."

"चुकलं माझं, काकू."

"तुझ्या आईनं विचारलं असतं तर तिच्याशी मी पुन्हा बोलले नसते. तुला आई नाही म्हणून सोडते. चल, बटाटे सोल."

जेवायला सॉसेज, आंबवलेली कोबी, उकडलेले पिठाचे गोळे. डोरिस बोलत होती, आम्ही खात होतो. नॉर्बर्टने मला कोबीचं भांडं पुढे केलं. माफी म्हणायची तर तीच, आणि माझी की त्याची ते आम्ही ठरवलं नाही.

मग काकूंनी दिवा घेऊन मला स्वयंपाकघरावरच्या माळ्यावरच्या खोलीत नेलं. त्या खोलीला त्यांच्या घरात अजूनही 'कॅम्पमनांची खोली' म्हणतात, डोरिसच्या पोरीसुद्धा. खिडकीतून दोन्ही नद्या दिसतात, आठवतं? तीन पलंग अंथरलेले होते. चादरींना उन्हाचा वास होता.

"कधी केलंत हे सगळं?" मी विचारलं.

"दर एप्रिलला गाद्या उन्हात टाकते मी."

"अकरा वर्षं?"

"पाणी काय मला सांगून येतं?"

"पण काकू, तीन कशाला?"

मी शाळेत नापास झाल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तिघं आहात ना?"

"तिने तुमच्या नॉर्बर्टला—"

"ते नॉर्बर्टचं झालं. पलंग माझे आहेत."

आणि खिडकीजवळच्या पलंगावरची बदकांची गोधडी झटकून त्यांनी पुन्हा नीट घातली. तीच गोधडी, अ‍ॅग्नेस, सत्तेचाळीसची. एका बदकाला डोळा नाही, तो तू उसवला होतास. काकू खाली गेल्या आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले. मला रडायला वेळ लागत नाही हे तुला माहीत आहे, पण थांबायला इतका वेळ कधी लागला नव्हता.

आपलं घर खिडक्यांपर्यंत पाण्यात आहे. पाणी उतरल्यावर चिखल काढायला अर्धी टेकडी येईल, ते बघता येईल. बाबा इथे खूश आहेत असं म्हणत नाहीत, पण नॉर्बर्ट ट्रॅक्टर किती वाकडा लावतो ते आता त्याला ते सांगतात, आणि तो ऐकून घेतो. काकू आणि ते संध्याकाळी पोर्चवर बसून मेलेल्या माणसांवरून भांडतात.

परवा मी त्यांना बोटीचं सांगायला गेले. आठवडाभर वाक्यं जुळवत होते.

"बाबा, मला काही सांगायचंय."

"मेच्या मध्याला निघायचं ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्या कप्तानानं तुला कर्णा घेऊन विचारलं. माझे कान अर्धे गेलेत, पूर्ण नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तू कुठे विचारलंस?" मग त्यांनी नदीकडे हात केला. "जा. माझी बोट आडवीच चालली, तुझी तरी सरळ जाऊ दे. पण आधी मिनाकडून चार पदार्थ शिक. माणसं जगली पाहिजेत."

शिकतेय. काल माझा रस्सा काकूंनी चाखला आणि उरलेला कुत्र्याला घातला. कुत्रा अजून जिवंत आहे, ही प्रगती समजते.

सोळा तारखेला मी निघते. गेले तीन दिवस मला शांत झोप लागतेय. पाय अंथरुणावर गप्प असतात, आणि त्याचंच मला जरा भय वाटतं.

बाबा सिअ‍ॅटलला येणार नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी लावलेली खोली तू मोडून टाक. तू 'हो' म्हणालीस ते मी विसरणार नाही. तेही विसरणार नाहीत. कार्ड त्यांच्या कोटाच्या खिशात आहे, माझ्या एप्रनमधून कधी घेतलं मला कळलंही नाही.

मी गेल्यावर खोलीत दोन पलंग रिकामे होतील. माझ्या पलंगावर डोरिसच्या पोरी उड्या मारतील. खिडकीजवळच्यावर काकू कुणाला बसू देत नाहीत. चादर आजच बदलली. फेरी बंद आहे, पण उत्तरेचा पूल पाण्याच्या वर आहे आणि तिथून टेकडीचा रस्ता कोरडा आहे. हे मी रस्त्याची माहिती म्हणून लिहिते.

मी तुला बोलावत नाहीये, अ‍ॅग्नेस. बोलवायचं नसतं.

लिओना